ओरेगॉन ट्रेल: मुलीच्या चौथीच्या प्रोजेक्टसाठी मदत हवीये

बीव्हर्टनची_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ओरेगॉनला आलो, लेक आता चौथीत आहे आणि इथे चौथीला राज्याचा इतिहास असतो, म्हणजे आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात ना तसंच, त्यामुळे घरात सध्या उठता बसता ओरेगॉन ट्रेल, म्हणजे पूर्वी लोक गाड्या घेऊन मिसूरीहून इकडे वस्तीला आले ती वाट, हेच चाललंय. तिला बुटाच्या खोक्यातून वॅगन, म्हणजे त्यांची कापडी छताची गाडी, करायचीये आणि एक पान लिहायचंय, लोक का आले आणि कसे आले. 1843 साली जवळपास हजार लोक मिसूरीतल्या इंडिपेंडन्सहून निघाले, दोन हजार मैल, पाच सहा महिने, एवढं माझं वाचून झालंय.

दोन गोष्टी अडल्यात. एक, वॅगनला घोडे लावायचे का बैल? सिनेमात तर घोडेच दिसतात, आणि मूळ रहिवाशांचे सारखे हल्ले होताना दिसतात, ते खरं का? दुसरी जास्त महत्त्वाची. परवा झोपताना तिने विचारलं, आई, त्यांना जमीन फुकट मिळाली म्हणतात, मग ती आधी कुणाची होती आणि ज्याने दिली त्याची होती का? मला काहीच सांगता आलं नाही, उद्या सांगते म्हटलं आणि त्याला आता चार दिवस झाले. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, पोरीला काहीतरी थातूरमातूर सांगायचं नाहीये मला.

धाव_आणि_आरे:

ताई, बिनधास्त बैल लावा. बहुतेकांनी बैलच लावले होते, काहींनी खेचरं. घोडा महाग, आणि नुसत्या माळावरच्या गवतावर इतकं ओझं ओढत तो महिनोन् महिने टिकत नाही, बैल हळू चालतो पण टिकतो. दिवसाला पंधरा मैल झाले तरी खूप. बैलांना नालसुद्धा मारायचे, प्रत्येक खुराला दोन तुकडे, आपल्याकडे बैलाला पत्र्या मारतात अगदी तस्संच, कारण खूर दुभंगलेला.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, आजोबांची बैलगाडी होती, आता बॉइसीला असतो. इथल्या म्युझियममधे पहिल्यांदा वॅगनचं चाक बघितलं तेव्हा बराच वेळ तिथेच उभा राहिलो, मधला तुंबा, आरे, वर लोखंडी धाव म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, सगळं ओळखीचं. गंमत म्हणजे त्रासही तोच. वायोमिंगच्या पुढे हवा इतकी कोरडी की लाकूड आकसायचं आणि धाव सैल होऊन निसटायची. मग संध्याकाळी मुक्कामाला चाकं काढून रात्रभर नदीत भिजत ठेवायची, नाहीतर धावेखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. आमचे आजोबा चैत्र वैशाखात ओढ्याच्या डोहात चाकं घालून ठेवायचे, मी स्वतः त्या चाकांवर बसून पोहलोय.

मॉडेलसाठी: गाडीचा सांगाडा साधारण दहा फूट लांब चार फूट रुंद, म्हणजे तुमच्या खोक्यात माप बरोबर बसेल. वरच्या कापडाला जवसाचं तेल चोळायचे, पाणी झिरपू नये म्हणून, त्यामुळे कापड पांढरंशुभ्र नको, जरा पिवळसर दाखवा. मागच्या आसाला एक छोटी बादली लटकवा, तिच्यात डांबर आणि चरबीचं वंगण असायचं. आणि माणसं गाडीत बसवू नका! गाडीला स्प्रिंगा नाहीत, आत टनभर सामान, मोठ्या माणसाला माणशी 200 पाउंड तरी पीठ घ्या असं सांगायचे, त्यामुळे धडधाकट माणूस चालतच जायचा, बायका आणि पोरंसुद्धा. झाडं नव्हती तिथे चुलीला बायसनच्या वाळक्या शेणाच्या गोवऱ्या, पोरं चालता चालता वेचून ओच्यात भरायची.

हल्ल्यांचं म्हणाल तर सिनेमा विसरा. माणसं मेली ती मुख्यतः रोगाने, 1849 ते 1852 मधे कॉलराने सगळ्यात जास्त, सकाळी बरा असलेला माणूस रात्री पुरला असं व्हायचं. मग नदी ओलांडताना बुडून, चुकून सुटलेल्या बंदुकीने, चाकाखाली येऊन. 1840 ते 1860 ह्या वीस वर्षात मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी साडेतीनशेच्या वर आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी चारशेच्या वर. कित्येक नद्या तर त्यांच्याच मदतीने ओलांडल्या लोकांनी.

विल्यामेट_काठी:

मुलीच्या प्रश्नाचं मी सांगतो कारण मला स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हा फार लागली होती.

तुम्ही बीव्हर्टनला आहात ना, ती सगळी जमीन कालापुया ह्या मूळ रहिवाशांची. विल्यामेट खोरं म्हणजे त्यांचंच घर. वसाहतवाल्यांना जे मोकळं सपाट गवताळ रान दिसलं आणि देवाने आपल्यासाठीच तयार ठेवलंय असं वाटलं ना, ते रान कालापुया दरवर्षी उन्हाळा संपताना मुद्दाम जाळून मोकळं ठेवायचे. त्यात कॅमस उगवायचा, निळ्या फुलांचा, त्याचा कंद जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर एक दोन दिवस भाजायचा की तो गोड होतो, हे त्यांचं मुख्य अन्न. 1830 नंतरच्या तीन चार वर्षात हिवतापाची साथ आली आणि त्यात बहुतेक माणसं गेली. म्हणजे 1843 चे लोक पोचले तेव्हा खोरं रिकामं नव्हतं, रिकामं झालेलं होतं.

आता जमीन दिली कोणी. 1846 ला ब्रिटनशी तह होऊन 49 अक्षांशावर सरहद्दीची रेघ ठरली, 1848 ला ओरेगॉनची टेरिटरी झाली, म्हणजे राज्य व्हायच्या आधीचा अमेरिकेचा प्रदेश, आणि 1850 ला वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, जो गोरा माणूस आधीच येऊन राहिलाय त्याला 320 एकर, लग्न झालेलं असेल तर दोघांना मिळून 640, त्यातला अर्धा भाग बायकोच्या स्वतःच्या नावावर. (बायकोच्या नावावर हे त्या काळात मोठंच होतं, त्यामुळे बारा चौदा वर्षांच्या मुलींचीसुद्धा घाईघाईने लग्नं लावली गेली.) पण ताई, तारखा बघा. कायदा 1850 चा. कालापुयांशी करार 1851 मधे केले ते सिनेटने मंजूरच केले नाहीत. जो करार मंजूर झाला तो जानेवारी 1855 चा. म्हणजे विकत घ्यायच्या चार वर्षांहून जास्त आधीच जमीन वाटायला सुरुवात झालेली. मुलीने विचारलं ना, ज्याने दिली त्याची होती का, तर नाही, त्याची नव्हती.

1856 मधे त्यांना ग्रँड रोंडच्या रिझर्वेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर, नेलं. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, हे पानावर नक्की लिहा, नाहीतर मुलांना वाटतं की ते लोक संपले.

टमवॉटरहून:

वरच्या माहितीत एक भर. ‘गोरा माणूस’ हा शब्द कायद्यातच होता आणि ते तेवढ्यावरच थांबलं नाही. जॉर्ज बुश नावाचा एक काळा गृहस्थ 1844 ला बायकोपोरांसकट ट्रेलने आला, पैसेवाला, वाटेत इतरांना मदत करणारा. तो येतोय त्याच वर्षी ओरेगॉनच्या तात्पुरत्या सरकारने काळ्या लोकांना इथे राहायला बंदी करणारा कायदा केला, राहिला तर चाबकाचे फटके. म्हणून तो आणि त्याच्या बरोबरची गोरी कुटुंबंसुद्धा कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेली आणि आज मी राहतो ते गाव वसवलं. त्याची स्वतःची जमीन त्याच्या नावावर करायला 1855 मधे काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला. ओरेगॉनच्या घटनेतलं बंदीचं कलम 1926 पर्यंत होतं. चौथीच्या मुलीला समजेल हे, माझ्या मुलाला समजलं होतं.

बीव्हर्टनची_आई:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून तिला सगळं वाचून दाखवलं. तारखांपाशी आली तेव्हा तिने वही घेतली आणि 1850 आणि 1855 एकाखाली एक लिहून वजाबाकी केली, मग बराच वेळ बोलली नाही. आता ती म्हणतेय की वॅगनच्या शेजारी खोक्यात निळी फुलं पण लावायची, क्रेप पेपरची. बादली झालीये, काड्यापेटीची. धाव कशाची करू? ॲल्युमिनियम फॉइल टिकत नाहीये.

धाव_आणि_आरे:

फॉइल नको, पातळ तांब्याची तार घ्या, दोन वेढे, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि शनिवारी जमलं तर तिला माउंट हूडच्या रस्त्याला, हायवे 26 वर, लॉरेल हिलला घेऊन जा, गव्हर्नमेंट कँपच्या अलीकडे गाडी लावायला जागा आहे. 1846 च्या आधी नदीकाठच्या डॅल्स ह्या ठिकाणापाशी गाड्या सोडवून तराफ्यावर घालून कोलंबियातून न्यायला लागायच्या, मग बार्लो नावाच्या एकाने डोंगरातून रस्ता काढला, गाडीमागे पाच डॉलर टोल. त्या उतारावर गाड्या झाडाला दोर गुंडाळून हळूहळू खाली सोडायचे. थोडं चढून गेलं की तो उतार दिसतो, तिला वरून खाली बघू दे. पायात चांगले बूट घाला, दगड सुटे आहेत.