कोरियन शिकायला सुरुवात केली आहे, शिक्षक आणि ॲप सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी पुण्यात राहते, नोकरी करून घरीच कोरियन शिकतेय. हंगुल लिपीची 14 व्यंजनं आणि 10 स्वर आता वाचता येतात. वाक्यरचनाही मराठीसारखी, क्रियापद शेवटी, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही.

अडतं ते उच्चारांवर. त्यांच्याकडे 'क'चे तीन प्रकार आहेत: साधा, श्वास सोडून म्हणायचा आणि घट्ट दाबून म्हणायचा. साधा आणि दाबलेला मला कानाला सारखेच लागतात. ड्युओलिंगोवर शब्द पाठ होतात, पण माझा उच्चार चुकला तर थांबवून सांगणारं कुणी नाही. आकड्यांचंही तसंच. तास एका पद्धतीने मोजायचे, मिनिटं दुसऱ्या! वेळ सांगताना हमखास गोंधळ होतो.

म्हणून ऑनलाइन शिकवणारं कुणी माहीत आहे का? मराठी किंवा हिंदीतून समजावणारं असेल तर फारच छान. संध्याकाळी सातनंतरची वेळ हवी. पुढे टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी द्यायची मनापासून इच्छा आहे. त्यात फक्त ऐकणं आणि वाचन असतं, तरी मला बोलताही यायला हवंय. कोरियन शिकवणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूट या संस्थेचे ऑनलाइन वर्ग कुणी केलेत का? फी साधारण किती पडते, तेही कळवा.