महालक्ष्मीची गोष्ट तुमच्या घरी कोण सांगायचं?

कांदेवाडीची

घट बसले की आमच्या चाळीत पहाटे साडेतीनला दारं वाजायला लागायची. पहिल्या माळेला महालक्ष्मीला जायचं, तेही गिरगावातून चालत आणि अनवाणी. आजी माझं मनगट घट्ट धरायची. ताडदेव मागे पडलं की म्हणायची, "इथून पुढं सगळं पाणीच होतं गं."

तिची गोष्ट अशी. मुंबईचं बेट आणि वरळीचं बेट यांच्यामध्ये खिंड होती. भरती आली की समुद्र त्या खिंडीतून आत घुसायचा आणि मधला सखल भाग पाण्याखाली जायचा. ('पायधुणी' हे नाव त्याच पाण्यात पाय धुण्यावरून पडलं, असं ती सांगायची.) गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात खिंड बुजवायला बांध घालायला घेतला. घातलेला बांध पुन्हापुन्हा ढासळायचा. काम बघणारे रामजी शिवजी प्रभू. त्यांच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, वरळीजवळ समुद्राच्या तळाशी आम्ही तिघी आहोत, आम्हाला वर काढा. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती वर आल्या आणि बांध टिकला. मग टेकडीवर देऊळ झालं. बांध पुरा झाला तो १७८४ च्या सुमारास, देऊळ त्यानंतर वर्षभरातलं. त्या बांधावरून आज लाला लजपतराय मार्ग जातो.

एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला तुमच्या घरातली गोष्ट हवी आहे. कोण सांगायचं, काय करता करता, कोणत्या शब्दांत. आमच्या आजीच्या गोष्टीत देवी रामजींना म्हणायची, "आम्हाला फार गार लागतंय रे." हे मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हे शब्द तिचे की तिच्या आईचे, ते विचारायच्या आत आजी गेली. म्हणून हा धागा. दुसऱ्या देवळाची गोष्ट असेल तर तीही लिहा.

भानोलं

मी माहेरची पाठारे प्रभू, म्हणजे रामजींच्याच ज्ञातीतली, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात देवाची कमी आणि घरची जास्त. उन्हाळ्यात परभी सांबाराच्या मसाल्याचं सामान वाळत पडलेलं असायचं. कावळे हाकलायला आम्हा नातवंडांना गच्चीवर बसवायचे आणि आम्ही पळू नये म्हणून मोठी आई गोष्ट सांगायची. ती 'बांध' कधी म्हणायची नाही, 'भिंत' म्हणायची. "भिंत पडली की साहेब रामजीवर डाफरायचा. रामजी घरी येऊन जेवायचा नाही. बायको ताट झाकून बसायची." त्या बायकोचं नाव कुठेच नाही, पण मोठ्या आईच्या गोष्टीत स्वप्न पडल्यावर रामजी सगळ्यात आधी तिलाच उठवतो. ती म्हणते, देवीनं तुम्हाला सांगितलंय, साहेबाला विचारत काय बसता?

आमच्याकडे लग्न ठरलं की पहिली पत्रिका अजून महालक्ष्मीला जाते. माझी पत्रिका ठेवायला मोठी आईच आली होती. पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

वरळी कोळीवाडा

ताई, स्वप्नाची गोष्ट आम्ही शाळेत गेल्यावर ऐकली. घरी आईनं सांगितलेली वेगळी. आमच्याकडे डोल लावतात. खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, त्या ओढीत जाळं पसरून बांधून ठेवायचं, म्हणजे मासळी आपोआप आत शिरते. आई म्हणते, "सपान परभूंना परला, पन देवी आमचे डोलीन आयली." जाळं ओढायला जड लागलं, चार माणसांना उचलेना. मोठा मासा असेल म्हणून वर घेतलं तर पाषाण, आणि पाषाणाला डोळे. मग त्या दिवशीची सगळी मासळी परत दर्यात सोडली.

शेवटच्या वाक्याला आई दर वेळी थांबते. सगळी मासळी सोडणं म्हणजे काय, ते ज्याचं घर त्यावर चालतं त्यालाच कळतं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तेव्हा अजूनही एक नाव महालक्ष्मीचं घेतात, आमच्या गोल्फादेवीच्या मागोमाग.

भरती-ओहोटी

मी सिव्हिल इंजिनिअर, सागरी कामं केलेला. बांध का पडत असेल ते सांगतो. खिंड जसजशी बुजत जाते तसतसं उरलेल्या फटीतून तेवढंच पाणी जास्त जोरानं धावतं. शेवटचे काही फूट सगळ्यात वाईट. तिथे टाकलेला दगड तळाला बसायच्या आत वाहून जातो आणि खालची रेतीही खरवडून निघते. उधाणाला तर हात लावायची सोय नसते. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, तेव्हा रात्रंदिवस काम करून फट मिटवावी लागते. हे सगळं त्या लोकांनी पंपांशिवाय, क्रेनशिवाय केलं.

माझं पहिलं काम कोकणातल्या एका खाडीवर होतं. ठेकेदाराच्या घाईनं आम्ही उधाणाच्या तोंडावर मातीचा तात्पुरता बांध मिटवायला घेतला आणि पहाटे तो आमच्या डोळ्यांसमोर गेला. कुणाला इजा झाली नाही, पण तीन आठवड्यांचं काम दहा मिनिटांत गेलं. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "साहेब, जागेवाल्याला विचारलं नव्हतं." नारळ फोडला, भांगाची वाट बघितली, बांध टिकला. तेव्हापासून मला रामजी शिवजींच्या स्वप्नाबद्दल कुणी शंका काढलेली आवडत नाही. ज्याचा बांध पडतो त्याला झोप कशी लागते, ते मला माहीत आहे.

रुपयाचं नाणं

देवळाच्या मागच्या भिंतीला नाणं दाबून धरायचं, चिकटलं तर इच्छा पुरी. बारावीच्या वर्षी माझं तीनदा पडलं. वडिलांनी खिशातून स्वतःचं नाणं काढून लावलं, ते राहिलं. काय मागितलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रात्रपाळी

मला गोष्ट कुणी सांगितली नाही, मी सोलापूरकडची. नवऱ्याला जवळच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, मी एकवीस दिवस बाकड्यावर झोपत होते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आई गिरणगावातली. एका रात्री म्हणाली, चल, आज तुला खरी देवी दाखवते. दिवसभर देवींवर सोन्याचे मुखवटे असतात. रात्री ते उतरवतात आणि थोडा वेळ मूळ रूपाचं दर्शन होतं. जिना चढताना त्या मावशींनी मला ही सगळी गोष्ट सांगितली, पायरीला एक वाक्य, कारण त्यांना दम लागत होता.

मुखवटा उतरवताना पुजाऱ्यांचे हात दिसले. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून चादर काढावी तसे. गर्दी एकदम गप्प झाली. मला देवी नीट दिसलीच नाही, डोळे भरून आले होते. मावशी म्हणाल्या, "असू दे, तिनं तुला बघितलं." नवरा घरी आला. मावशींचा मुलगा नाही आला. तरी पुढच्या नवरात्रात मावशींनी माझ्यासाठी ओटी भरून पाठवली होती.

वाळकेश्वर

बाणगंगेची गोष्ट मी वडिलांच्या श्राद्धाला ऐकली, म्हणजे वयाच्या चौतिसाव्या वर्षी. सर्वपित्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून गुरुजी पिंड मांडता मांडता माझ्या मुलीला सांगत होते: सीतेला शोधत राम इथे आले, तहान लागली, भोवती खारं पाणी. बाण मारला आणि पाताळातून गंगा आली. तळ्याच्या मधोमध खांब आहे ना, तिथे बाण लागला. पूजेसाठी लक्ष्मण रोज काशीहून लिंग आणायचे. एके दिवशी उशीर झाला म्हणून रामांनी वाळूचंच लिंग केलं. वाळुकेश्वर, त्याचं वाळकेश्वर. जुनं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात पडलं, नंतर रामा कामत या सारस्वत गृहस्थांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधवलं.

मुलीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि जीभ लावून बघितली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. "बाबा, खारट नाहीये." गुरुजींनी तिला रागावायला हवं होतं, ते तळ्याचं पाणी आहे. ते हसले आणि म्हणाले, मीही लहानपणी हेच केलं होतं.

वडिलांनी मला इथे कधीच आणलं नव्हतं. त्यांच्या निमित्तानं आलो.

प्रभादेवीकर

आमच्या देवीची मूर्तीही म्हणे परचक्राच्या भीतीनं विहिरीत लपवली होती आणि पुढे तिनंही एका पाठारे प्रभूंच्या स्वप्नात येऊन जागा सांगितली. पौषात शाकंभरी पौर्णिमेला जत्रा भरते. आता स्टेशनलाही तिचंच नाव आहे. त्याआधी तिथे एल्फिन्स्टन रोड असं लिहिलेलं असायचं, तेव्हाही आई "प्रभादेवीला उतर" असंच सांगायची.

कांदेवाडीची

सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. भरती-ओहोटी, तुम्ही लिहिलेलं आजीला वाचून दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मागच्या महिन्यात देवळात गेले होते. मागच्या बाजूला आम्ही भजी खात बसायचो तिथे लाटांचे तुषार अंगावर यायचे. आता समोर भराव आणि कोस्टल रोड. समुद्र आहे, पण लांब सरकलाय. "इथून पुढं सगळं पाणीच होतं" हे वाक्य आता माझ्या भाचीला मलाच सांगावं लागलं, आणि तेही नेमकं देवीच्या मागे उभं राहून.

वरळी कोळीवाडा

काल आईला भानोलंताईंची गोष्ट वाचून दाखवली. ती आवडली तिला, ताट झाकून बसलेली बायको तर खूपच. मग म्हणाली, "सपान परला त्यो झोपला होता. पान्यान कोन उतरला, त्या इचार तिला."

भानोलं

आईंना माझा नमस्कार सांगा. तुमचं वाचून मी माहेरी फोन केला. मामी म्हणाली, मोठ्या आईच्या गोष्टीत पुढे एक वाक्य होतं, तू लिहायला विसरलीस. "मग रामजी वरळीला गेला आणि कोळ्यांच्या पाटलाच्या पाया पडला. म्हणाला, मला पोहता येत नाही."