शिलाई मशीन मिळतं, बाईचं मानधन मिळत नाही

सातपुडाकर
धडगाव तालुक्यातल्या एका लहान संस्थेचे हिशेब मी बघते. गेल्या वर्षी पुण्याच्या एका फाउंडेशनकडे आम्ही पाच पाड्यांवरच्या पाच बायांचं दोन वर्षांचं मानधन मागितलं. काम एकच, तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन वजन, ताप, दूध पिणं बघायचं. उत्तर आलं, पगाराला पैसे देत नाही, शिलाई मशिनं देतो. मशिनं आली. पाड्यावर शिवून घ्यायला गिऱ्हाईक कुठून आणायचं?

कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं, मोठ्या कंपनीने मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामाला (यालाच सीएसआर म्हणतात) द्यावेत, आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. अक्राणी म्हणजे आमचा धडगाव आणि शेजारचं अक्कलकुवा, तिथे कोणाचा कारखाना आहे? नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतला. तिथे फाउंडेशनांनी हात सैल सोडायला हवा, आणि पैसा माणसांसाठी द्यायला हवा.

ताळेबंद
ताई, तळमळ कळते, पण मी दुसऱ्या, पैसे देणाऱ्यांच्या बाजूला बसतो. 12ए (संस्थेला करसवलत), 80जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-1 (हा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी, 3 वर्षांच्या कामाचा पुरावा, एवढं असल्याशिवाय संस्थेला पैसे देता येत नाहीत. वर प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा. पगार त्यातच बसवायचे ना? मशीन मोजता येतं. घरभेट झाली की नाही, ते मुंबईत बसून कसं कळणार?

सातपुडाकर
नोंदण्या आमच्या आहेत. पण 5 टक्क्यांचं तुम्ही म्हणता तसं नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. शिक्षणाच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार हा प्रकल्पखर्चच, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 च्या खुलाशात सांगितलंय. घरोघर जाणारी बाई हाच आमचा प्रकल्प. परिसराचं प्राधान्यही सक्तीचं नाही, हेही त्याच खुलाशात आहे.

गोदाकाठ
माझा विरोध वेगळ्या कारणाने. बाळाच्या घरी जाणं हे आशाताईंचं काम आहे. देणगीच्या पैशातून समांतर माणसं नेमलीत की सरकार रिकामी जागा भरायची घाई कशाला करेल? देणगी तीन वर्षांनी आटते, मग त्या पाच बायांनी काय करायचं?

सातपुडाकर
शेवटचा प्रश्न माझाही आहे, म्हणून तर मी दीर्घ मुदत मागते. अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला कायदा सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची 3 वर्षं देतो, फाउंडेशनं मात्र 11 महिन्यांचे करार करतात.

पण आशाताई बाळाच्या घरी जाते, ही पद्धत आली कुठून? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. श्वास मोजणं, बाळ उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 मध्ये केंद्राने आशांमार्फत घरभेटींची योजना आणली. सरकारने उचललं, पण आधी कोणीतरी गावातल्या बायांवर विश्वास टाकला म्हणून.

गोदाकाठ
‘सर्च’मागे दोन डॉक्टर होते, संशोधनाची शिस्त होती. प्रत्येक लहान संस्थेकडे ती असेलच असं नाही. माझं मत बदललेलं नाही. आधी आशांची पदं भरा, त्यांचा मोबदला वेळेवर द्या, त्यासाठी भांडा.

सातपुडाकर
भांडतोच आहोत, जिल्हा परिषदेत अर्ज पडून आहेत. तोवर जन्मणारी बाळं थांबत नाहीत, दादा.

ताळेबंद
5 टक्क्यांबाबत मी चुकलो, नियम पुन्हा वाचला. मानधनाचा प्रस्ताव आमच्या समितीपुढे ठेवेन. पण बिनहिशेबी पैसा द्यायला माझा विरोध राहील.

सातपुडाकर
बिनहिशेबी नकोच. प्रत्येक भेटीची नोंद वहीत आहे, बाळाच्या वजनासकट. दर महिन्याला फोटो पाठवते. आणि समितीतल्या एकाने तरी जुलैत इथे यावं, पाड्यापर्यंत चालत.