झटक्यानंतर दिसणारे जादा ठोके औषधाने का दाबत नाहीत?

प्रश्न:
माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि लगेच अँजिओप्लास्टी झाली. आता होल्टरच्या, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्राच्या, २४ तासांच्या नोंदीत व्हीपीसी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे जादा ठोके, बरेच दिसले आहेत. वडिलांना मात्र त्यांचा काही त्रास जाणवत नाही. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल चालू ठेवले, पण हे ठोके थांबवणारे वेगळे औषध दिले नाही. रक्तपुरवठा कमी पडल्याने लय बिघडून जिवावर बेतू शकते, तर मग हे ठोके का दाबू नयेत?

उत्तर १:
आपली शंका रास्त आहे. १९८०च्या दशकात अनेक तज्ज्ञांचाही हाच समज होता आणि तो तपासण्यासाठीच अमेरिकेत ‘कास्ट’ ही चाचणी सुरू झाली. झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांचे जादा ठोके फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइडने कमी होतात हे आधी पाहून घेतले होते, अशांपैकी काहींना तेच औषध आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ रुग्ण दगावले. ठोके दबले होते, तरीही मृत्यू दुपटीहून अधिक झाले.

उत्तर २:
याचे कारण बिघाडाच्या मुळाशी आहे. रक्त कमी पडले की पेशींमधले पोटॅशियम बाहेर साठते, आम्लता वाढते आणि विद्युतसंदेश त्या भागातून रेंगाळत जातो. तो पलीकडे पोहोचेपर्यंत शेजारचा स्नायू पुन्हा उत्तेजित होण्यास तयार झालेला असतो, आणि मग संदेश तिथल्या तिथेच गोल फिरत राहून लय बिघडवतो. फ्लेकेनाइड सोडियमचे मार्ग अडवते, म्हणजे रेंगाळणाऱ्या संदेशाला आणखी मंद करते. मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे अॅड्रेनालिनचा मारा रोखतात आणि हृदयाची प्राणवायूची गरज कमी करतात. ‘बीहॅट’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या ३,८३७ रुग्णांमध्ये प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकरमुळे मृत्यूचे प्रमाण ९.८ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर आले. आपल्या वडिलांना संरक्षक औषध मिळतेच आहे.

उत्तर ३:
वरील उत्तराला एक जोड आवश्यक वाटते. ‘बीहॅट’ स्टेंटपूर्व, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी बसवणे रूढ होण्याआधीच्या, काळातली आहे. २०२४ च्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत हृदयाचे पंपिंग (ईएफ, म्हणजे प्रत्येक ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते) ५० टक्के वा अधिक असलेल्या रुग्णांना बीटा-ब्लॉकरचा लक्षणीय फायदा दिसला नाही. म्हणून इकोतील ईएफचा आकडा डॉक्टरांना आवर्जून विचारा, पण मेटोप्रोलॉल आपल्या मनाने एकदम बंद करू नका, कारण त्याने छातीत दुखणे उसळू शकते. अमिओडॅरोन हे ठोके दाबणारे दुसरे औषध लयीमुळे होणारे मृत्यू कमी करते, परंतु १९९७ च्या दोन मोठ्या चाचण्यांत एकूण मृत्यू घटले नाहीत, शिवाय थायरॉइड व फुप्फुसांना त्याचा धोका असतो. झटक्यानंतर किमान ४० दिवसांनी आणि अँजिओप्लास्टीनंतर साधारण तीन महिन्यांनी, योग्य औषधे चालू असूनही ईएफ ३५ टक्के किंवा कमी राहिला, तर आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय ओळखून विजेचा झटका देणारे यंत्र, शरीरात बसवण्याचा विचार होतो. दरम्यान वडिलांना घेरी आली किंवा शुद्ध हरपली, तर होल्टरची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.