वडिलांनंतरची पहिली दिवाळी, आई नाशिकला एकटी. नेमकं काय करावं?

रानजाई:
वडील श्रावणात गेले. आई ६९ वर्षांची. मी जर्मनीत, रजा थेट डिसेंबरात. मामा आणि मावशी नाशिकमध्येच आहेत, शेजारही चांगला. फोनवर आई "मी बरी आहे, तू तुझं बघ" एवढंच म्हणते. तीन आठवडे झाले, एकदाच जेवते आणि पहाटे तीनला जागी होते. फराळाचा डबा ऑनलाइन मागवून द्यावा आणि रोज व्हिडिओ कॉल करावा असं ठरवलंय. एवढं पुरेल का? आणि हे दुःख आहे की डिप्रेशन, ते ओळखायचं कसं?

पणती:
डबा मागवू नका. वर्ष व्हायचंय त्या घरात कढई चढत नाही, म्हणून फराळ नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. चार-पाच डबे येणारच. पण माणसं दारातूनच डबा देऊन निघतात, आणि आठवड्याने चकल्या सादळलेल्या, डबे तसेच भरलेले. मावशींना स्पष्ट सांगा: दोन ताटल्या काढायच्या, आईबरोबर तिथेच खायचं, अर्धा तास बसायचं.

पाचही दिवस सारखे जड नसतात. नरक चतुर्दशीला पहाटेच फटाके सुरू होतात, झोप तर आधीच गेलेली. त्या वेळी कुणीतरी घरात हवं, म्हणून मावशींना आदल्या रात्रीच मुक्कामाला येऊ द्या. सगळ्यांत कठीण पाडवा, कारण त्या दिवशी घरोघरी बायको नवऱ्याला ओवाळते. आईंना दुसऱ्याच्या घरी नेऊन त्या ओवाळणीसमोर बसवू नका. कुठे जायचं ते त्यांनाच विचारा, आणि "कुठेच नको" म्हणाल्या तर एकजण त्यांच्याकडे जेवायला जावं. भाऊबीजेला त्यांना ओवाळावंसं वाटलं आणि "आता तू ओवाळायचं नाहीस" असं कुणी म्हटलं, तर मामांनी स्वतः पाट मांडून समोर बसावं. एवढ्याने फार फरक पडतो.

कॉलची वेळ रोज एकच ठेवा. आणखी एक, हे हमखास विसरतं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. तुम्ही तुमच्या घड्याळाप्रमाणे लावलात की आईचा सातचा फोन आठला वाजणार, आणि तो तास त्या फोन हातात घेऊन बसणार.

ओपीडी_बुधवार:
दुःख लाटेसारखं येतं. आठवणीने रडू फुटतं, पण मध्येच नातवाचा विषय निघाला की चेहरा खुलतो, आणि माणूस स्वतःला नालायक समजत नाही. डिप्रेशनमध्ये दिवसाचा बहुतेक वेळ मन तसंच राहतं, कशातच रस उरत नाही, "मी सगळ्यांना ओझं" असं बोलणं येतं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर तपासणी हवीच. उतारवयात हे "उदास वाटतं" अशा शब्दांत क्वचित बाहेर येतं. भूक नाही, पोट साफ नाही, अंग दुखतं, पहाटे लवकर जाग, अशा तक्रारी ऐकू येतात. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही खुणा त्यातल्याच आहेत.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन ताडून पाहायची नऊ प्रश्नांची यादी फोनवरही विचारता येते. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टर. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तो टाळू नका. विचारल्याने असे विचार डोक्यात घातले जात नाहीत. त्याला शून्याहून जास्त उत्तर आलं तर त्याच दिवशी मावशी-मामांना घरी पाठवा, रात्री एकटं ठेवू नका, आणि जुन्या औषधांचा साठा घरातून हलवा.

डॉक्टरांना थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. दोन्हींची कमतरता डिप्रेशनसारखीच दिसते. डिप्रेशनची गोळी सुरू झाली तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. "काही उपयोग नाही" म्हणून दहाव्या दिवशी बंद करणं ही नेहमीची चूक. या वयात काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं. अचानक गोंधळल्यासारखं वाटलं, तोल गेला तर लगेच कळवा.

रानजाई:
मनापासून आभार. पण आई म्हणते, "मला काय वेड लागलंय? मी नाही येणार."

ओपीडी_बुधवार:
मग मानसोपचाराचं नाव आधी काढूच नका. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे झोप आणि भुकेसाठी न्या, मावशींनी आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगून ठेवावं. हे धनत्रयोदशीच्या आधी उरका. पुढे भाऊबीजेपर्यंत बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्याही दहा दिवसांच्या जास्तीच्या घ्या. मधल्या काळात टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: चोवीस तास, मोफत, मराठीतही. मावशींनीही तिथे सल्ला विचारायला हरकत नाही. जिवाला धोका वाटला तर ११२.

साधी_चकली:
भाऊबीजेनंतरचा आठवडा कुणी धरतच नाही. सगळे आपापल्या कामाला लागतात, फोन थांबतात. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत एक दिवसाआड कुणी जायचं, ते आत्ताच नावानिशी लिहून काढा. आणि आईंकडे एखादं काम मागा. तुमच्या कॉलवर त्यांनी दिवाळी अंकातली दोन पानं वाचून दाखवायची, असं काहीतरी. "जेवलीस का?" हा प्रश्न सोडा, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "आज भाजी कोणती केलीस?" असं विचारा.