यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत माइक माझ्याकडे आलाय, गामा आणि पंजाबी पैलवानांबद्दल खरं काय सांगू?

बोरीकाठचा निवेदक (अमळनेर तालुका)

राम राम मंडळी. आमच्या यात्रेत दरवर्षी कुस्त्यांची दंगल असते. यंदा निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. वरच्या दोन कुस्त्यांना पंजाबचे पैलवान येणार, म्हणून कमिटीचं म्हणणं की तिकडच्या जुन्या नामी पैलवानांवर मधेमधे चार शब्द बोल. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतंय ते असं: गामाने 1200 किलोचा दगड उचलला, रोज पाच हजार बैठका मारायचा, जन्मात हरला नाही, लंडनला जाऊन जगज्जेत्याला एका मिनिटात पाडलं. आता आमच्याकडे पारावरचे म्हातारे असे की, शब्द चुकला तर भर मैदानात उभे राहून हात वर करतात. यातलं काय बोलू आणि काय गाळू?

धुळेकर दादा

दारासिंग घ्या, विषय संपला. गामाला कोणी पाहिलंय?

भुसावळचा लोको फोरमन (निवृत्त)

निवेदक भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी लंडन आणि पटियाला एकात कालवलंय. लंडनची कुस्ती 10 सप्टेंबर 1910 ची, समोर पोलंडचा झ्बिस्को. गडी वजनाने गामापेक्षा बराच जड. पण गामाचा हिसका त्याने लगेच ओळखला आणि पाठ टेकू नये म्हणून मॅटवर पालथा झाला तो झालाच. अडीच तासांच्या वर! गामा वरून ओढतोय, उलटवायला बघतोय, आणि हा घोरपडीसारखा चिकटलेला. शेवटी बरोबरीत सोडली. आठवड्याने पुन्हा लावली तर झ्बिस्को आलाच नाही, म्हणून जॉन बुल पट्टा, म्हणजे तिकडचा जगज्जेतेपदाचा पट्टा, गामाला मिळाला. त्याच दौऱ्यात अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला मात्र त्याने चांगलं दोनदा चीत केलं होतं. एका मिनिटाच्या आतली जी कुस्ती म्हणता ती जानेवारी 1928 ची, पटियाल्याच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी लावलेली. समोर पुन्हा झ्बिस्कोच, पण तोवर दोघंही पन्नाशीला टेकलेले. तिथे त्याला पालथं पडायलाही वेळ मिळाला नाही.

पण मला विचाराल तर लंडनवर फार वेळ घालवूच नका. गोऱ्याने मान दिला की आपल्याला पैलवान मोठा वाटतो, ही खोड जुनी. गामाचं खरं माप रहीमबक्ष सुलतानीवाल्याने काढलं. गुजरांवालाचा हा पैलवान, उंची सात फुटांच्या जवळपास, आणि गामा जेमतेम पावणेसहा फुटांचा. रहीमबक्षचं वय झालेलं, हा तरणा. तरी विलायतेला जायच्या आधी दोघांची जोड लागली ती निकाली होईना, बरोबरीतच सुटायची. लंडनहून परतल्यावर अलाहाबादला पुन्हा लागली, तेव्हा कुठे गामाचं पारडं जड ठरलं. पुढे त्याला विचारलं की सगळ्यात भारी कोण गेलं, तर त्याने ना रोलरचं नाव घेतलं ना झ्बिस्कोचं. रहीमबक्षचं घेतलं. म्हणजे 'कधी हरला नाही' हे खुशाल म्हणा, पण बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या लपवू नका. मैदानात बसलेल्या लोकांना बरोबरीची किंमत कळते.

बैठकांचा आकडा मी मोजलेला नाही, तुम्हीही मोजू नका. त्यापेक्षा जोधपूरची गोष्ट सांगा. महाराजांनी बैठकांची शर्यत लावली, चारशेच्या वर पैलवान उतरले, आणि शेवटच्या पंधरांत दहा वर्षांचा गामा होता. वय बघून महाराजांनी त्यालाच विजयी ठरवलं. मैदानाच्या कडेला बसलेली शाळकरी पोरं हे ऐकून लगेच मांड्या थोपटतात, बघा तुम्ही.

आता खुराकीचं. आपल्याकडे लोकांना वाटतं पंजाबी पैलवान म्हणजे बादलीभर दूध. मी रेल्वेत होतो, पंजाब मेल 1912 पासून आपल्या दारातून जाते. त्या गाडीने तरनतारनकडचा एक पैलवान आमच्या तालुक्यातल्या दंगलीला आला होता, उतरायला आमच्याच क्वार्टरमध्ये. आईने शेवभाजी केली होती. त्याने एक घास चाखून हात जोडले, डोळ्यांत पाणी. मग पिशवीतून मातीची कुंडी आणि कडुलिंबाच्या लाकडाचा हातभर सोटा काढला. रात्री भिजवलेले बदाम सोलून घेतले, त्यात खसखस, खरबुजाच्या बिया, चार काळे मिरे, वेलची. कुंडी दोन्ही पायांच्या तळव्यांत धरली आणि घोटायला बसला. बाबांनी म्हटलं, पोराला सांगतो घोटायला. तर म्हणाला, नको, मनगट यातच बनतं. पाऊण तास घोटलं, फडक्यातून पिळलं, आणि राहिलेला चोथा पुन्हा कुंडीत. मिक्सरमध्ये फिरवून पिणाऱ्या आमच्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, कोणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि इनाम पुकारताना एक जरूर सांगा. हे पैलवान पोसले ते दरबारांनी. गामा अमृतसरकडचा, पण वाढला दतिया संस्थानाच्या आश्रयाला. त्याचा भाऊ इमामबक्ष कोल्हापूरला खेळला. शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 साली सुरू झालं ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीनच्या कुस्तीने. संस्थानं गेली आणि खुराक बंद झाला. फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला, आजारपणात हात एवढे आखडले की इकडून बिर्लांनी पैसे पाठवले. 1960 ला गेला. हे ऐकून गावातले दोन व्यापारी खिशात हात घालतील, नाही घातला तर मला सांगा.

नंदुरबारची, सध्या बडोदा

दगडाबद्दल मी सांगते. तो आमच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. गामाने 1902 च्या डिसेंबरमध्ये उचलला असं त्यावर कोरलेलं आहे. दगड कमरेपेक्षा खालीच येतो, पण घेर असा की दोन्ही हात पसरले तरी पलीकडे बोटं जुळत नाहीत. धरायला खाच नाही, कडा नाही. माझे सासरे त्याच्याकडे बघून म्हणाले, 'हा उचलला नसेल, छातीवर घेऊन हलवला असेल.' मला तेच पटतं. आजचे वेटलिफ्टर, तेही पकडायला दांडी असताना, 300 किलोच्या खाली थांबतात. तुम्ही 'बडोद्याला गामाच्या नावाचा 1200 किलोचा दगड ठेवलेला आहे' एवढंच म्हणा. खोटं नाही, आणि वजनही पडतं.

धुळेकर दादा

सगळं मान्य, पण दारासिंगबद्दल कोणीच बोलेना. आमच्या गल्लीत रामायण लागायचं तेव्हा हनुमान आला की टीव्हीपुढे नारळ फुटायचा.

भुसावळचा लोको फोरमन (निवृत्त)

दादा, हनुमानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. दारासिंग धर्मूचकचा, आखाड्यातलाच माणूस, 1954 चा रुस्तम-ए-हिंद, म्हणजे देशातला अव्वल पैलवान. पण पुढे त्याचं नाव झालं ते किंग काँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या फ्रीस्टाइलने, 1968 ला मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेही त्याच धंद्यातलं. तिकीट लावून होणाऱ्या त्या कुस्त्यांत किती कुस्ती आणि किती खेळ, यावर आपण पारावर भांडू, माइकवर नको.

पंजाबचा अलीकडचा एकच सांगायचा तर करतारसिंग सांगा. सूरसिंग गावचा. 1978 ला बँकॉकच्या आशियाडमध्ये सुवर्ण, 1986 ला सोलला पुन्हा सुवर्ण. सोलला अख्ख्या भारताला पाचच सुवर्ण मिळाली, चारांत पी. टी. उषा आणि पाचवं याचं. एवढं असून आपल्याकडे दहा जणांना विचारा, उषा सगळ्यांना माहीत, करतारसिंग एकालाही नाही. याचा मला खरंच राग येतो.

चाळीसगावचा मास्तर

आपल्या बाजूचंही येऊ द्या. हिंद केसरीची पहिली गदा 1959 ला श्रीपती खंचनाळेंनी आणली ती पंजाबच्या बंतासिंगला हरवून. आणि आमच्या तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालाय, त्याचं नाव घेतल्याशिवाय खान्देशात माइक खाली ठेवू नका, लोक सोडणार नाहीत.

बोरीकाठचा निवेदक (अमळनेर तालुका)

काका, ताई, मास्तर, आभार. रहीमबक्ष पक्का, जोधपूर पक्कं, दगड ताईंनी सांगितला तसा. फक्त त्या पोलंडवाल्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना. काल आरशासमोर म्हणत होतो तर बायको हसायला लागली.

भुसावळचा लोको फोरमन (निवृत्त)

'पोलंडचा पैलवान' म्हणा. पारावरच्यांपैकी कोणाला येत असेल तर तो दुरुस्त करेल.

पारोळा 57 किलो

पुतण्या आहे, दीड वर्ष आखाड्यात जातोय. तुमच्याकडे जोड आधी फोनवर लावतात का मैदानात?

बोरीकाठचा निवेदक (अमळनेर तालुका)

खालच्या कुस्त्या मैदानातच, हातावर. दुपारी दोनच्या आत आणा, वस्ताद स्वतः बघून जोड लावतात. लंगोट सोबत असू द्या, गेल्या वर्षी तीन पोरं उसन्या लंगोटात खेळली.