भांडण, वाद, दावा: घरभाड्याच्या तंट्यात कोणता शब्द कधी?

प्रश्न: घरमालक-भाडेकरूचं बिनसलं की कुणी 'वाद' म्हणतं, कुणी 'दावा', कुणी 'फिर्याद'. प्रकरण बोलाचालीपुढे गेलं, हे नेमकं कोणत्या शब्दावरून ओळखायचं?

उत्तर: 'वाद' सोडून द्या. जिन्यातली बाचाबाचीही वादच, आणि वादी-प्रतिवादी, लघुवाद न्यायालय यांतही तोच शब्द. 'दावा' मात्र दिवाणी कोर्टात लागतो. 'फिर्याद' फौजदारीची, नुसतं भाडं थकलं म्हणून पोलिसांत ती होत नाही.

दुसरं उत्तर: दाव्याच्या आधीचा शब्द जास्त महत्त्वाचा: 'नोटीस'. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 15. थकबाकीवरून ताबा मागायचा तर आधी लेखी मागणी, आणि ती पोचल्यावर 90 दिवस थांबणं. "पुढच्या महिन्यात खोली खाली कर" हा दम झाला, नोटीस नव्हे. नोटिशीत आकडा हवा: 'एप्रिल ते ऑगस्ट, दरमहा 6,000, एकूण 30,000'. 'बरंच भाडं थकलं आहे' असं मोघम लिहिलं की समोरच्या वकिलाला पहिली फट तिथेच सापडते. पोचपावती जपा, कारण 90 दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजायचे. भाडेकरूंनीही घाबरून जाऊ नये: दाव्याचं समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी आणि वर्षाला 15% सरळव्याज कोर्टात भरलं, निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून जागा जात नाही.

तिसरं उत्तर: पण तो 'भाडेकरू' आहे का, हे आधी बघा. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, असेल तर तो परवानाधारक. राहत्या जागेची मुदत संपूनही तो हलला नाही, तर याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) 'अर्ज' होतो. समन्सनंतर 30 दिवसांत त्याने लढण्याची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र दिलं नाही, तर जागा सोडण्याचा आदेश निघतो. वर परवाना शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई. आणि कृपा करून 'नोटरी' (नोटरीचा सही-शिक्का) आणि 'नोंदणी' (सरकारी नोंदणी कार्यालयातली) एक समजू नका! करार नोंदलेला नसेल तर कलम 55 प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. नोंदणीची जबाबदारी मालकाची.

पुरवणी: 'जागा खाली करून घेणे' म्हणजे कुलूप बदलणे नव्हे. भाडेकरूला तसं बाहेर काढलं तर कायद्याचा शब्द 'बेदखल', आणि ताबा परत मागणारा दावा 6 महिन्यांत लावावा लागतो. सबळ कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडली तर कलम 29 खाली भाडेकरू थेट कोर्टात अर्ज करू शकतो. तिथे 90 दिवस थांबायचं नसतं.